दगडी चर्च पुन्हा नांदतं करायचं असेल तर

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, सेक्रेटरींनी विचारलं आहे. मिशनच्या काळातलं, शंभरी ओलांडलेलं काळ्या दगडाचं चर्च. वर सागवानी कैच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) आणि मंगलोरी कौलं. बसायची सोय साडेतीनशेंची, रविवारी येतात साठ-सत्तर. पावसाळ्यात वेदीच्या बाजूला बादल्या मांडाव्या लागतात. कमिटीत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, पाडून आरसीसीची दुमजली इमारत बांधू, खाली मंगल कार्यालय आणि वर उपासना. दुसऱ्याचं म्हणणं, हीच इमारत दुरुस्त करून आठवडाभर वापरात आणू: मुलांना अभ्यासिका, वृद्धांना आरोग्य तपासणी, महिला मंडळाचे वर्ग. उपासना आणि समाजाचं काम एका छताखाली बसेल का, सुरुवात कुठून करायची आणि पैसा कुठून आणायचा, हे त्यांचे प्रश्न.

सेक्रेटरीसाहेब, पाडू नका. दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि शंभर वर्षं मुरलेलं सागवान आज कोणत्याही बजेटात पुन्हा उभं राहणार नाही. आणि ज्या आरसीसीसाठी ते पाडायचं म्हणता, त्याच्या सळया गंजून तीस-चाळीस वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. तुमच्याच गावातल्या जुन्या सरकारी इमारती बघून या. तुमचं चर्च म्हातारं झालेलं नाही, त्याच्यात पाणी शिरलं आहे. या दोन गोष्टींचे इलाज फार वेगळे असतात.

पावित्र्याबद्दल वडीलधाऱ्यांनी काढलेली शंका उडवून लावू नका. त्यांनाच विचारा, त्यांच्या आजोबांची शाळा कुठे भरायची. मिशनच्या कित्येक खेड्यांत सहा दिवस शाळा आणि सातव्या दिवशी उपासना एकाच खोलीत चालायची. पुण्यात १८९० साली न्यायमूर्ती रानडे, टिळक ही मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, तिथे चहा झाला आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं, हे आपण सगळे ऐकत आलो. त्या हकिगतीत मला मोलाचं वाटतं ते हे, की शहरातले विचार करणारे लोक मिशनच्या आवारात ऐकायला, बोलायला जात होते. रविवारी दोन तास उघडायचं आणि मग कुलूप लावायचं, ही रीत आपल्याकडे नंतर पडली.

या कामाचा सर्वांत मोठा अनुभव ब्रिटनमध्ये साठला आहे, कारण तिथे मंडळ्या, म्हणजे चर्चला येणारे लोक, रोडावल्या आणि इमारती उरल्या. चार ठिकाणं सांगतो. हेरफर्डच्या ऑल सेंट्स या मध्ययुगीन चर्चमध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर १९९७ साली पश्चिम टोकाला कॅफे सुरू झाला. पूर्वेकडची वेदी आणि उपासना जिथल्या तिथे राहिली. लंडनच्या बो भागातलं सेंट पॉल्स, ओल्ड फोर्ड हे १८७८ चं चर्च १९९१ मध्ये धोकादायक ठरून बंद झालं होतं. २००४ मध्ये ते उघडलं तेव्हा आत पोलादी पायांवर उभी, होडीच्या आकाराची लाकडी रचना होती. तिच्याखालची जागा उपासनेला मोकळी, वरचे मजले वस्तीच्या कामाला. ट्रॅफल्गर चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्समध्ये तर ३ कोटी ६० लाख पाउंडांचं काम २००८ मध्ये पूर्ण झालं, आणि त्यातली नवी जागा मुख्यतः जमिनीखाली काढली. बेघर लोकांसाठीचं काम, भोजनगृह, सभेच्या खोल्या सगळं खाली. १७२६ चं मूळ सभागृह वर तसंच शांत.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते बोल्टनचं ऑल सोल्स. तिथली उपासना १९८६ मध्ये थांबली. आजूबाजूच्या गल्ल्यांत तोवर दक्षिण आशियातून आलेली मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने राहत होती. रिकाम्या चर्चला पुन्हा कामाला लावायचा पुढाकार त्याच वस्तीतल्या एका मुसलमान तरुणाने घेतला. बंद चर्च सांभाळणारा चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट पाठीशी उभा राहिला आणि २०१४ च्या अखेरीस इमारत लोकांसाठी उघडली. खांब नसलेल्या त्या प्रचंड सभागृहात स्वतःच्या पायांवर उभ्या अशा नव्या खोल्या केल्या आहेत, मूळ भिंतींवर त्यांचा भार नाही. उद्या गरज बदलली तर त्या काढता येतील. नव्याने जुन्याच्या खांद्यावर चढायचं नाही, एवढा एक नियम तुमच्या कमिटीने आजच ठरावात लिहून ठेवला तरी निम्म्या चुका टळतील.

पण या उदाहरणांची नक्कल करू नका. तिथे चर्चभोवतीची जमीन बहुधा जुनी दफनभूमी असते, सहजासहजी खोदता येत नाही. शिवाय वर्षातले कितीतरी महिने थंडी, म्हणून स्वच्छतागृह आणि स्वयंपाकघरसुद्धा चर्चच्या आत कोंबावं लागतं. तुमच्याकडे आवार आहे, व्हरांडा आहे, चिंचेची सावली आहे आणि आठ महिने कोरडे आहेत. तेव्हा ओली कामं बाहेर, कोरडी कामं आत. संडास, मोरी, पाण्याची टाकी, चहाचा ओटा, गॅस सिलिंडर हे सगळं आवाराच्या कडेला वेगळ्या बैठ्या खोलीत, मूळ भिंतीपासून दूर, मधे साधा पत्र्याचा किंवा कौलांचा आडोसा. पाण्याची एकही नळी दगडी भिंतीतून नेऊ नका. अभ्यासिका, वाचन, गायन, तपासणीचं टेबल, सभा ही कोरडी कामं. ती आत सुखाने नांदतात.

आता पाण्याबद्दल, आणि इथे जरा वेळ घेतो, कारण तुमच्या चर्चचं भवितव्य इथेच ठरणार आहे.

बादली जिथे ठेवता तिथेच कौल फुटलं आहे असं समजू नका. पाणी वाशावरून, रिपेवरून वाहत जाऊन भलतीकडे टपकतं. कौलं उतरवायचीच आहेत, पण त्याआधी प्रत्येक कैचीला क्रमांक द्या, फोटो काढा आणि कैचीची भिंतीत शिरलेली टोकं टोच्याने तपासा. सागवान मधे ठणठणीत असतं, कुजतं ते भिंतीत गाडलेल्या टोकाला, कारण तिथे ओल असते आणि हवा नसते. टोक कुजलं म्हणून अख्खी कैची बदलायला सांगणारा ठेकेदार नको. कुजलेला भाग कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडता येतो, गरज असेल तिथे गंज न चढणाऱ्या पोलादाची पट्टी घालता येते. मात्र टोकाभोवती या वेळी बोटभर पोकळी ठेवा, म्हणजे हवा खेळती राहील. कौलं जपून उतरवली तर बरीचशी परत चढतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात ही कौलं करायला सुरुवात केली, आणि तसल्या जुन्या कौलांवर कारखान्याचा छाप असतो. छाप असलेलं फुटकं कौलही टाकू नका, एक-दोन जपून ठेवा.

पन्हाळी मोठ्या करा. पूर्वीच्या मापाच्या पन्हाळी आजच्या एका सरीत भरून वाहतात आणि सगळं पाणी भिंतीच्या माथ्यावर उलटतं. मग खाली या. चर्चभोवती गेल्या पन्नास वर्षांत किती वेळा फरशी, कोबा, पेव्हर ब्लॉक घातले, ते मोजा. प्रत्येक थराने आवाराची जमीन चार-चार बोटं वर आली आणि जोतं गाडलं गेलं. पावसाचं पाणी आता जोत्याला नाही, थेट भिंतीला लागतं. ही भर काढून जमीन मूळ पातळीला नेणं आणि उतार बाहेरच्या बाजूला देणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी इलाज आहे. कुदळ-फावड्याचं काम आहे, तरुण संघ करू शकतो.

तिसरी गोष्ट सिमेंट. काळा दगड पाणी फारसं पीत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून. त्या दरजा कोणीतरी सिमेंटने बुजवल्या, की ओल आत कोंडते, भिंतीच्या पोटातला चुना भुगा होतो आणि गिलाव्यावर पांढरं मीठ फुलतं. सिमेंटच्या दरजा छिन्नीने, हाताने काढा, ग्राइंडर लावला तर दगडाच्या कडा जातात. परत भरताना भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखी (भाजलेल्या विटांचा भुगा). गूळ, हिरडा, बेलफळ याबद्दल जुने गवंडी बरंच सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे, पण चुना नीट मुरलेला नसेल तर गूळ घालून काही होत नाही. हे काम दिवाळीनंतर सुरू करा, पंधरा-वीस दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि उन्हाळा तापायच्या आत संपवा. चुन्याला घाई चालत नाही, आणि ज्या ठेकेदाराला घाई आहे त्याला हे काम देऊ नका.

माझी एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात एका गावातल्या मंडळीला चकचकीत फरशी हवी होती. शहाबादी जुनी दिसते, झिजली आहे, वगैरे. मी हो म्हटलं. शहाबादीवर सिमेंट ओतून वर व्हिट्रिफाइड टाइल बसवल्या. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतींना खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत ओल चढली. जमिनीतली वाफ पूर्वी शहाबादीच्या सांध्यांतून हळूहळू उडून जायची, मी तिची वाट बंद केली आणि ती भिंतीत घुसली. सगळं उखडावं लागलं, आणि तो खर्च गरीब मंडळीच्या डोक्यावर पडला. त्याची बोच आजही आहे. तुमची फरशी झिजली असेल तर उलटी करून बसवा, खालची बाजू बहुधा नवी निघते.

दुसरा मोह फॉल्स सीलिंगचा. आवाज घुमतो म्हणून लोक पीओपी लावतात. त्याने कैच्या झाकल्या जातात, वर गळती झालेली महिनोन्‌महिने कळत नाही आणि वाळवीला आयतं राज्य मिळतं. आवाज घुमतो कारण दगड, फरशी आणि उंच पोकळी ध्वनी शोषत नाहीत. गायनाला ते घुमणं हवंच, त्यामुळेच साठ माणसांचं गाणं तीनशेंचं वाटतं. भाषणाला मात्र ते मारक. यावर तोडगा स्पीकरमध्ये आहे. पुढे दोन मोठे ठेवून आवाज वाढवण्याऐवजी भिंतीच्या कडेने उभे, अरुंद कॉलम स्पीकर लावा, लोकांच्या कानाजवळ, कमी आवाजात. अभ्यासिकेच्या भागात पुस्तकांची कपाटं आणि जाड सुती पडदे आले की तिथलं घुमणं आपोआप मंदावतं.

जागेची वाटणी अशी सुचवेन. वेदी, पुलपीट, बाप्तिस्म्याचं कुंड आणि पुढची दीडशे माणसांची जागा उपासनेची, कायमची. मधला पट्टा मोकळा, सण आणि लग्नाला बाकं, एरवी रिकामा. मुख्य दरवाजाकडचा शेवटचा तिसरा भाग अभ्यासिका आणि बैठकीचा: छातीपर्यंत उंचीची लाकडी पडदी, जमिनीवर नुसती टेकलेली, भिंतीत खिळा नाही. उंची छातीपर्यंतच, कारण दारातून आत येणाऱ्याची नजर थेट वेदीपर्यंत गेली पाहिजे. ती नजर अडली की उरतो तो हॉल.

बाकांवरून भांडण होणार, प्रत्येक चर्चमध्ये होतं. सगळी बाकं काढून प्लास्टिकच्या खुर्च्या आणू नका आणि एकही हलवायचं नाही असाही हट्ट नको. सागवानी बाक दोन माणसांना उचलता येतो. पुढच्या दीडशे माणसांचे जिथे आहेत तिथे, बाकीचे भिंतीकडेने, व्हरांड्यात, अभ्यासिकेच्या टेबलांना. आईवडिलांच्या नावाची पाटी असलेला बाक हलवण्याआधी त्या कुटुंबाला घरी जाऊन विचारा. आणि हेही आठवा, की नगरचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी लिहिलेली भजनं जमिनीवर बसून म्हणण्याच्या परंपरेतली आहेत. सतरंजीवर बसून झालेली उपासना कमी दर्जाची नसते.

दाराशी रॅम्प हवाच, बारा फूट लांबीला एक फूट चढ यापेक्षा तीव्र नको. मूळ पायऱ्या न फोडता बाजूने, सुटा बांधा. वायरिंग संपूर्ण नवं करा आणि छताचं काम चालू असताना तिथे वेल्डिंग अजिबात नको. पॅरिसच्या नोत्र दामचं छत एप्रिल २०१९ मध्ये जळालं ते काम चालू असतानाच, आणि ती इमारत पुन्हा उघडायला डिसेंबर २०२४ उजाडला. सुकं सागवान पेटलं तर तुमच्या गावच्या बंबाच्या हातात काही राहणार नाही.

इंग्लंडच्या चर्चमध्ये बदल करायचा तर धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि त्यासाठी दोन टिपणं द्यावी लागतात. एकात या इमारतीचं महत्त्व कशात आहे, दुसऱ्यात तुमची गरज नेमकी काय आहे. मग विचारलं जातं, बदलाने महत्त्वाला धक्का बसतो का, किती, आणि होणारा लाभ त्या धक्क्याच्या तोडीचा आहे का. तुम्हाला असं कोणी विचारणार नाही. मुंबईत वारसा यादी, तिच्या श्रेणी आणि समिती आहे, तुमच्यासारख्या बहुतेक गावांत यादीच नाही. म्हणून स्वतःलाच विचारा. पहिल्या टिपणासाठी म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, बाप्तिस्म्याची आणि लग्नाची जुनी रजिस्टरं स्कॅन करून घ्या, भिंतीवरच्या मराठी पाट्या उतरवून घ्या. दुसऱ्या टिपणासाठी चर्चच्या बाहेर पडा. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आशाताई, एसटी स्टँडवर अभ्यास करत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं यांना विचारा. एका ठिकाणी कमिटीने संगणक कक्षाचा बेत केला होता, आणि मुलांना हवी होती फक्त शांत जागा, दिवा आणि रात्री दहापर्यंत उघडं दार.

दार म्हटलं की चावी आली. माझ्या पाहण्यात बरीच चांगली कामं चावीपायी बंद पडली. रोज उघडणारा, झाडणारा, पगारी माणूस ठेवा. त्याचा पगार दुरुस्तीच्या खर्चाइतकाच आधी हिशोबात धरा. काय चालेल आणि काय नाही ते एका कागदावर लिहा: उपासना, अंत्यविधी आणि सण यांना पहिला हक्क, दारू आणि राजकीय सभा नाही, वेदीच्या पायरीपलीकडे कार्यक्रमाचं सामान नाही. कोणत्याही धर्माच्या मुलाला अभ्यासिकेत जागा, आणि तिथे बसल्याबद्दल त्याच्यावर उपासनेची सक्ती नाही. हे शेवटचं वाक्य ठळक लिहा, गावाचा विश्वास त्यावर उभा राहील.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष केलंत तर वरचं सगळं वाया जाईल. अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं, पण अनेक मिळकतींच्या मालमत्ता पत्रकावर आजही जुन्या मिशनच्या विश्वस्त संस्थांची नावं आहेत. तुमची जमीन कोणाच्या नावावर आहे ते पहिल्याच आठवड्यात काढा, डायोसिसची, म्हणजे धर्मप्रांताची, लेखी संमती घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची इमारत विकायची किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिल्डर 'नंतर बघू' म्हणाला तर तिथेच बोलणं थांबवा. क्लासवाल्यांना जागा तासांच्या हिशोबाने वापरायला द्या, ताबा देऊ नका.

पैसा टप्प्याटप्प्याने येतो. पहिला टप्पा कौलं, पन्हाळी आणि आवाराची पातळी. तो मंडळीनेच उचलावा, कापणीच्या सणाचा लिलाव दोन वर्षं फक्त छतासाठी ठेवा. छत सुरक्षित दिसलं की बाहेरचा माणूस हात घालतो, गळक्या इमारतीला कोणी देत नाही. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या निधीच्या, यादीत शिक्षण आणि आरोग्य तर आहेच, ऐतिहासिक इमारतींचं जतनही आहे, म्हणून जवळच्या कारखान्याकडे अभ्यासिका आणि जतन या नावाने जा, उपासनेच्या खर्चासाठी नको. परदेशात गेलेली तुमची मुलं देतील, पण ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्यांचा पैसा परकीय देणगी ठरतो. त्याला एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतलं खातं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशाला ते बंधन नाही. चांगला सीए आधी गाठा.

आणि इमारत तयार होईपर्यंत थांबू नका. व्हरांड्यात दोन टेबलं, चार दिवे टाकून अभ्यासिका या महिन्यातच सुरू करता येईल. किती मुलं येतात ते कळेल आणि आराखडा त्यावरून ठरेल.

आराखडा काढायला मात्र मी लगेच येणार नाही. आधी एक पावसाळा जाऊ द्या. पहिल्या मोठ्या सरीला दोघांनी आत उभं राहायचं, दोघांनी बाहेर. पाणी कुठे शिरतं, कुठे उलटतं, किती वेळाने टपकतं ते वहीत तारीख-वेळेसह लिहा, भिंतीवरच्या ओलीची वरची कडा दर पंधरवड्याला पेन्सिलीने खुणवा. ती वही दिवाळीत घेऊन या, आणि येताना छाप असलेलं एक कौल आणि भिंतीतून पडलेला जुन्या चुन्याचा मूठभर तुकडाही आणा.